कड्याखालचा आवाज

सुकन्या आणि तिचा धाकटा भाऊ अजिनाथ सोलापुरात एकाच टॉवेल कारखान्यात कामाला होते. दिवाळीच्या सुट्टीत दोघं सह्याद्रीत आले. गाडी खालच्या गावात लावून, खडकाळ पायवाटेनं चढून त्यांनी दरीच्या कडेच्या उंच पठारावर तंबू ठोकला. आसपास माणूस नव्हतं, मोबाइलला रेंज नव्हती.

सोलापूरजवळच्या कुंभारी गावच्या सपाट माळावर वाढलेल्या अजिनाथला ती खोल दरी बघून खूळच लागलं. दुपार कलताना तो कड्यापाशी वाकून बघायला गेला आणि वाळलेल्या गवतावरून त्याचा पाय सटकला.

सुकन्यानं पोटावर पडून खाली पाहिलं. बरंच खाली, खडकाच्या अरुंद टप्प्यावर तो अडकला होता.

"अज्या!"

"हाय अक्का, हाय मी. पाय मोडला बग."

तिनं तंबूच्या दोऱ्या सोडल्या, त्यांना ओढणी बांधली. ती दोरी निम्म्यापर्यंतही पोचेना. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि तो दिसेनासा झाला. आवाज तेवढा येत होता.

"अक्का, गावात जा. माणसं आण."

"तुला एकट्याला टाकून? न्हाय जायची मी."

"मग वर बसून नुसती बोलत ऱ्हाणार हायस का? लई थंडी वाजाय लागलीया. जा की!"

ती गेली. वाटेत पडली, गुडघे फुटले. गावातला रामहरी चार-पाच जणांना घेऊन, दोर खांद्यावर टाकून लगेच निघाला. कड्यावर पोचल्यावर सुकन्या हाका मारत सुटली. खालून ओ आली नाही. रामहरी दोरावरून उतरला. बऱ्याच वेळानं तो ओरडला, "ताईला जरा बाजूला न्या."

कुंभारीत अजिनाथची माती झाली. आई मायाक्कानं लेकीला जवळ बसवलं.

"शेवटाला तू हुतीस न्हवं त्याच्याजवळ?"

हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाय आई. त्यानंच मला गावात धाडलं."

मायाक्का उठून आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती लेकीशी बोलली नाही.

एकदा शेजारची बनाबाई भेटायला आली. म्हणाली, "भावाला तसं सोडून हिला जाववलं तरी कसं?"

"त्यानं धाडली म्हणून गेली ती," मायाक्का ताडकन बोलली. मग सुकन्याकडं वळली. "जेवलीस का?"

सुकन्यानं नकारार्थी मान हलवली. दोघी एका ताटाशी बसल्या.