आदिपुरुषाचं पाऊल

पेणजवळच्या जिते स्टेशनबाहेरच्या मैदानात रांग लागली होती. रोह्याच्या गाडीतून उतरलेली माणसं घरी जायचं सोडून रांगेत शिरत होती. मांडवात चौरंगावर एक काळं, चांगलं हातभर लांब दगडी पाऊल ठेवलेलं आणि त्याच्या अंगठ्यातून थेंब थेंब पाणी खालच्या घंगाळात झिरपत होतं. आदिपुरुष अजून घाम गाळतोय, असं फलकावर लिहिलं होतं.

"शाळेत काय शिकवतात तुमच्या पोरांना?" अढळनाथ महाराज माइकवरून विचारत होते. "माणूस माकडापासून झाला म्हणे. मग हे पाऊल कोणाचं, तुमच्या मास्तरांच्या आजोबांचं?" लोक खो खो हसले. "देवानं घडवलं ते बदलत नाही. माणूस तोच, वाघ तोच, रोगाचा जंतूही तोच. बदलतात ती फक्त शाळेची पुस्तकं."

मी पेणच्या हायस्कुलात दहावीला उत्क्रांती शिकवते. टोला मलाच होता, पण तो मी हसून सोडून दिला असता. महाराजांनी चंद्र चौकोनी आहे म्हटलं असतं तरी माझं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते हिरामणचं. हा माझा शेजारी, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचे भरतो. त्याला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी खोकला थांबला, अंग धरलं, आणि नेमक्या तेव्हाच त्यानं गोळ्या सोडून या अंगठ्याचं पाणी प्यायला सुरुवात केली. त्याची बायको कृष्णाबाई माझ्याकडे रडत आली होती. "बाई, तुमीच सांगा. माजं आयकत नाय तो." म्हणून मी रांगेत, हिरामणच्या मागे उभी होते.

माझी पाळी आल्यावर वाकले आणि स्कूटरच्या चावीनं टाचेच्या बाजूला खरवडलं. काळ्या रंगाखालून पांढरी भुकटी पडली. तिच्यात काथ्याचा धागा होता. प्लास्टर चिवट व्हावं म्हणून पेणला गणपतीत घातला जातो तोच. पाऊल दोन्ही हातांनी उचललं तर आत पाणी डुचमळलं.

"हे बघा," मी ओरडून सांगितलं. "हे प्लास्टर आहे. साच्याच्या सांध्याची रेघ इथे दिसतेय. आतून पोकळ, पाणी भरलेलं. बाहेरून सगळीकडे ऑइलपेंट, फक्त अंगठा कोरा ठेवलाय. कोरं प्लास्टर पाणी शोषतं आणि बाहेर सोडतं. हाच तुमच्या आदिपुरुषाचा घाम."

महाराजांनी डोळे मिटले. "बाईंनी देवाला ओरखडा काढला. लेकरू आहे, क्षमा करा." झालं. बायकांनीच मला ढकलत मांडवाबाहेर काढलं आणि रांग पुन्हा सरकू लागली.

हिरामण भरलेली बाटली घेऊन बाहेर आला.

"बघितलंस ना? प्लास्टर आहे ते."

"मना ठाव हाय, बाई. पयल्याच दिशी सांधा दिसला. फिनिशिंगपन धड नाय केलेलं."

"आणि तरी पितोस?"

"गणपतीपन आमी साच्यातनंच काढतो. काथ्या मीच भरतो. तरी चवथीला तुमी पाया पडता ना?"

मी पुरावा घेऊन गेले होते आणि तो पुरावा ह्याच्याकडे माझ्या आधीपासून होता.

"पाया पड, कोण नको म्हणतंय?" मी म्हटलं. "पण गोळ्या अर्ध्यावर सोडल्यास की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांची पिल्लंही चिवटच निघतात. मग तीच गोळी चालत नाही."

"जंतू बदलत नाय, म्हाराज बोलले. आनि मना आता बरं हाय."

"ते गोळ्यांनी."

तो नुसता हसला. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

गणपती झाले. महाराजांनी मुक्काम रोह्याला हलवला, तिथे म्हणे गर्दी दुप्पट असते. हिरामणच्या खोकल्यातून रक्त पडलं. तपासणीत निघालं की आधीच्या गोळ्यांना त्याचे जंतू आता दाद देत नाहीत. जी गोष्ट मी वर्गात फळ्यावर शिकवते ती शेजारच्या माणसाच्या छातीत घडली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि मला त्या खरं ठरण्याचाच राग येत होता.

नवी औषधं जहाल होती. घेतली की त्याला ओकाऱ्या होत. एका सकाळी कृष्णाबाई दारात आली. तिच्या हातात रिकामी बाटली होती.

"बाई, मी रोह्याला जाऊन येतंय. पानी आणतंय तेच्यासाठी. गोळ्यापन चालू हायत."

मला रांगेत उभं करणारी हीच बाई. तिला पुन्हा प्लास्टर, सांधा, ऑइलपेंट सगळं सांगावं असं तोंडावर आलं होतं. पण तिला ते सगळं पाठ होतं.

"जा," मी म्हटलं. "पण आधी सकाळची गोळी त्याच्या तोंडात घाल. गिळेपर्यंत तिथून हलू नको."

"व्हय," ती म्हणाली, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि घरी न वळता थेट स्टेशनकडे निघाली.

मी गोळी द्यायला त्यांच्या घरी गेले.