चंद्रवेलच्या पाटीखालचा फोटो

डहाणूच्या बाजारात ‘चंद्रवेल’ शिलाई मशीनची पाटी एकाच दुकानावर होती, सदानंदच्या. माणूस वरोरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला, पण समुद्रात गेला की त्याला बोट लागायची. भाऊ हसायचे. शेवटी त्यानं जाळं सोडलं आणि मशीनची एजन्सी घेतली, त्याला एकतीस वर्षं झाली. तलासरीकडच्या पाड्यांवर जिथे जिथे मशीन खडखडत होती, ती बहुतेक त्याच्याच हातून गेलेली.

त्याची मुलगी हिना फोटो विकायची, एका परदेशी एजन्सीच्या वेबसाइटवर. जाहिरातीसाठी फोटो द्यायचा तर त्यातलं कंपनीचं नाव पुसावं लागतं, माणसाची लेखी परवानगी लागते. बातमीसाठी दिला, म्हणजे ‘एडिटोरियल’, तर नाव तसंच राहतं आणि परवानगीही लागत नाही. फक्त फोटोत फेरफार करायचा नाही, आणि खालच्या ओळीत ठिकाण, तारीख आणि जे खरं असेल तेच लिहायचं. हायवेवरचे पेट्रोल पंप, विवळवेढ्याच्या जत्रेतले थंड पेयांचे फ्रीज, दुकानांत लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्या, जिथे नाव दिसेल तिथे हिना कॅमेरा काढायची.

फेब्रुवारीत एका दुपारी ती दुकानात गेली. “पप्पा, पाटीखाली उभे राहा ना, एक काढते.”

सदानंदनं हाताचं तेल पुसलं, केसांवर कंगवा फिरवला आणि झेंडावंदनाला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. तिनं तीन-चार काढले.

“झाले?”

“झाले.”

मग तो उंबऱ्याशी स्टुलावर बसला आणि त्यानं मान खाली घातली. वर पाटीवरचं अख्खं नाव, खाली वाकलेला पांढरा माथा. हिनानं आणखी एक काढला. त्याला कळलंही नाही.

वेबसाइटवर तिनं तेवढा एकच टाकला. खाली लिहिलं: डहाणू, महाराष्ट्र. चंद्रवेल मशीनच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहणारा विक्रेता.

जूनमध्ये कंपनीनं कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पेपरवाल्यांना फोटो हवा होता आणि चंद्रवेलचं नाव ठळक दिसणारा तो एकच होता. भराभर गेला. हिनाला आनंद झाला. तिनं आईला, पुतळीला सांगितलं. पप्पांना सावकाश सांगू म्हणाली, कारण कंपनीच्या बातमीनं ते आधीच गप्प झाले होते. “कंपनी गेली तरी मशिनी आहेतच ना लोकांच्या घरात,” एवढंच ते म्हणाले होते.

पण शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या धर्मेशनं पेपर नाचवतच आणला. “सदाकाका, तुम्ही पेपरात!”

सदानंद दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा पेपराची घडी त्याच्या काखेत होती. ती त्यानं हिनासमोर ठेवली.

“हा तू काढलास?”

“हो पप्पा. मी सांगणारच होते.”

“मी उभा होतो तो कुठंय?”

“तसे फोटो कोणी घेत नाही, पप्पा.”

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला पटलं. मग फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि मी वाट बघत होतो, हे तुला कोण म्हणालं?”

हिनानं ती ओळ पुन्हा वाचली.

“वेवजी गावच्या रूपीची मशीन होती माझ्या पायाशी. धागा अडकला होता. तिला तीनची बस पकडायची होती, म्हणून मी घाईत होतो. मशीन आलीच नाही का फोटोत?”

आली नव्हती. नाव मोठं दिसावं म्हणून हिनानंच खालचा भाग चौकटीबाहेर ठेवला होता.

“पोरीनं मुद्दाम थोडंच केलंय,” पुतळी म्हणाली.

“मी कुठं काय म्हटलं?” सदानंद म्हणाला. तो जेवला, ताट स्वतः उचललं आणि गेला. ओरडला असता तर हिनाला बरं वाटलं असतं.

तिनं ओळ बदलली. मग फोटोच काढून टाकला. एजन्सीचं उत्तर आलं की ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडे तो राहणार. तो कुठे कुठे फिरत राहिला, त्याच जुन्या ओळीसकट. बाजारातले लोक जाता-येता विचारायचे, “काय सदाशेठ, आलं का गिऱ्हाईक?” थट्टाच ती. सदानंदही हसायचा. पण दुकान उघडायला तो उशीर करू लागला. गणपतीच्या आधी त्यानं दुरुस्तीला आलेल्या मशिनी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या, पाटी उतरवली आणि किल्ली जागेच्या मालकाला दिली.

आज ना उद्या दुकान बंद होणारच होतं, असं हिना स्वतःला समजावायची. ते तिला पटायचं नाही.

दिवाळीनंतर ज्येष्ठ नागरिक कार्डासाठी सदानंदला फोटो हवे होते. त्या सकाळी हिना ओटीवर कॅमेऱ्याची काच पुसत बसली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो तिच्या समोरून गेला. “येतो जरा,” म्हणाला.

संध्याकाळी पुतळीनं काहीतरी शोधायला कपाट उघडलं तर स्टेशनजवळच्या स्टुडिओचं पाकीट हाती आलं. आत त्याचे आठ छोटे फोटो.

“अगं, तुला नाही का सांगायचं त्यांनी?” ती बोलून गेली. मग मुलीचा चेहरा दिसला, तसं पाकीट घाईनं परत ठेवून ती स्वयंपाकघरात वळली.

बाहेर सदानंद शेजाऱ्याला विचारत होता, आज कोणाकोणाच्या बोटी आल्या. हिना कपाटापाशी उभी राहून ऐकत राहिली.