धाकट्यांची डिस्क

सासऱ्यांच्या दिवाणखान्यातला डीव्हीडी प्लेअर थोरल्या जावयाने दिलेला. त्यामुळे तो अडला की फोन थोरल्यालाच यायचा आणि थोरल्याची छाती इंचभर फुगायची. बायको म्हणायची, "जा, तुमच्या बाळाने पुन्हा भोकाड पसरलंय."

हल्ली मात्र बाळ भोकाड पसरायचं ते फक्त धाकट्या जावयाच्या डिस्कना. धाकटा कॅमेऱ्याने पोराबाळांच्या सहली टिपायचा आणि घरच्या रेकॉर्डरवर त्यांच्या डिस्क बनवायचा. सासूबाई त्यांची वाट बघत बसायच्या, थोरल्याच्या पोटात दुखायचं ते इथेच. त्याच्या लग्नाच्या डिस्कवर त्या हल्ली चहाचा कप ठेवत.

"आमच्याकडे झकास चालते हो, दादा," धाकटा म्हणाला.

"चालत असेल," म्हणत थोरल्याने डिस्क चष्म्याच्या फडक्याने मधून कडेकडे पुसली. वायर काढून परत लावली. प्लेअरला कान लावला. पडद्यावर तेच: डिस्क वाचता येत नाही.

खरं तर दुखणं त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रेकॉर्डिंग झालं की रेकॉर्डरच्या मेनूत जाऊन डिस्क 'फायनलाइझ' करायची असते. धाकटा ती तशीच बाहेर काढायचा. म्हणजे पुस्तक लिहिलं, अनुक्रमणिका राहिली. घरचं यंत्र सांभाळून घ्यायचं, परकं कशाला घेईल? पण हे सांगायला थोरल्याची जीभ रेटेना.

"डिस्कच हलकी दिसते," तो गंभीरपणे म्हणाला.

असे काही रविवार सुखात गेले. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, "डिस्क बिचाऱ्या चांगल्याच असणार. यंत्रच थकलंय."

"धाकटे नवं आणतो म्हणतायत," सासरे म्हणाले. "हे टाकू माळ्यावर."

थोरल्याने प्लेअरवर हात ठेवला. गप्प बसावं तर बाळ माळ्यावर, बोलावं तर धाकट्याच्या सहली पडद्यावर. शेवटी बापाचं काळीज.

"तुम्ही फायनलाइझ करता ना?" त्याने धाकट्याला विचारलं, जणू आत्ताच सुचलं.

"ते काय असतं?"

पुढच्या रविवारी डिस्क लख्ख चालली. नातवंडं पाण्यात डुंबताना बघून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "किती सुंदर घेतलंय धाकट्यांनी," त्या म्हणाल्या. प्लेअरकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. थोरला तेवढा बघत होता.

त्यानंतरच्या रविवारी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, धाकट्यांच्या सगळ्या चालल्या. फक्त तुमच्या लग्नाची अडकते. नेमकं तुमच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात आणि थांबते."

थोरला चपला शोधू लागला. "निघालोच."

"छे, छे, तुम्ही कशाला धावपळ करता? धाकटे बघतायत ना. फडक्याने पुसतायत, अगदी तुमच्यासारखं, मधून कडेकडे."

मागून धाकट्याचा आवाज आला. तो सासूबाईंना गंभीरपणे सांगत होता, "डिस्कच हलकी दिसते."