सुरेंद्रची डावी बाजू

"उजेड कधी खोटं बोलत नाही," असे गंभीरपणे जाहीर करून नंदकिशोर आठल्ये टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावून उभे राहिले. त्यामुळे मागे बसलेल्या बायकोला आणि मुलीला उजेडही दिसेना आणि नवरा मुलगाही.

"अहो, बाजूला व्हा. त्या काचेतून पलीकडे जाता येत नाही," वासंतीबाई म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती. भाड्याने आणलेला व्हीसीआर संध्याकाळी परत जायचा होता. मस्कतहून आलेल्या कॅसेटमध्ये सुरेंद्र नावाचा इंजिनियर खुर्चीत बसून चार मिनिटे बोलत होता. मे महिन्यापर्यंत रजा नाही, म्हणून फोटोऐवजी त्याने स्वतःलाच असे पाठवून दिले होते. चेहऱ्याची उजवी बाजू झगझगीत होती. डाव्या बाजूला काळोख.

"डावी बाजू का दाखवत नाही हा?"

"आपण स्कूटर घेतोय का?"

टोमणा अगदी जागच्या जागी बसला. नंदकिशोर एकोणीस वर्षे आकुर्डीच्या कारखान्यात स्कूटरचा रंग तपासत होते. ओळीने लावलेल्या ट्यूबखाली पत्रा सरकत यायचा. त्या चकचकीत पत्र्यात ट्यूब सरळ दिसली की माल पुढे. वाकडी दिसली की तिथे पोचा. ही पद्धत त्यांना इतकी पटली होती की भाजीवालीकडची वांगीसुद्धा ते दिव्याखाली नेऊन फिरवत.

"एकाच बाजूनं दिवा लावणाऱ्याला दुसऱ्या बाजूचं काहीतरी ठाऊक असतं," ते म्हणाले. "भाजल्याची खूण असेल. नाहीतर डोळा."

"डोळा दोन्हीकडे असतोच."

 मुलगी, सुमेधा, सत्तावीस वर्षांची होती आणि चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवत होती. आधीची चार स्थळे घरी येऊन, शिरा खाऊन, तिला दोनदा चालायला लावून गेली होती. तिने कॅसेट मागे नेली आणि फक्त शेवट पुन्हा लावला. तिथे सुरेंद्र मान वर करून, कॅमेरा धरणाऱ्याला विचारत होता, "आणि त्यांना मला काही विचारायचं असलं तर? त्याची काय सोय?" एवढ्यावर चित्र तुटत होते. सुमेधाने ते तिसऱ्यांदा लावले.

"इथे काय आहे? इथे तर तो हनुवटी दाखवतोय."

"असू दे, बाबा."

उत्तराची कॅसेट मस्कतला नेणारा माणूस गुरुवारी निघणार होता. नंदकिशोरांनी ठरवून टाकले. आपली कॅसेट दोन्ही बाजूंनी उजेड लावून करायची आणि शेवटी स्पष्ट सांगायचे, असाच उजेड लावून डावी बाजू पाठवा, मग पुढचे बोलू.

"त्यांना वाईट वाटलं तर?" सुमेधाने विचारले.

"वाटलं तर पोचा आहे असं समजायचं."

मंगळवारी दुपारी जयसिंग व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन आला. तो चिखलीचा, लग्नातली शूटिंगं करणारा. खोलीत आल्यावर तो थबकला. खुर्चीच्या डावी-उजवीकडे चार-चार फुटी दोन ट्यूब उभ्या बांधल्या होत्या, तिसरी वरून लोंबत होती.

"साहेब, हे लय झालं. ट्यूबखाली माणूस हिरवट दिसतंय. येक बल्ब भिताडावर मारू, उजेड पसरून येतोय. न्हाईतर खिडकीकडं तोंड करून बसवू ताईंना."

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"लपवायचं न्हाई हो. बरं दिसायचं हाय."

"ते एकच," नंदकिशोर म्हणाले.

सुमेधा बसली. तिन्ही ट्यूब लागल्यावर तिचे डोळे बारीक झाले, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या कांजिण्या पुन्हा आल्यासारख्या वाटल्या. "आता डावीकडे वळ," नंदकिशोर म्हणाले. ती वळली. "उजवीकडे. सावकाश." ती वळली. मग ते स्वतः खुर्चीमागे उभे राहिले आणि डाव्या बाजूची मागणी त्यांनी मुदतीच्या तारखेसह सांगितली. जयसिंगने एक डोळा कॅमेऱ्याला लावला होता. दुसरा त्याने मिटून घेतला.

"बाबा," सुमेधा उठत म्हणाली, "जळल्याचा वास येतोय का हो? जिन्यातला मीटर बघता?"

एवढे कुणी म्हटले आणि नंदकिशोर गेले नाहीत, असे कधी घडले नव्हते.

"जयसिंगभाऊ, आत्ता घेतलं त्याच्यावर पुन्हा घेता येतं?"

"येतंय की. पर आधीचं जाईल."

"जाऊ दे."

तिने तिन्ही ट्यूब बंद केल्या. जयसिंगने आणलेला एकटा बल्ब लावून खुर्चीच्या एका बाजूला ओढला आणि खिडकीचा पडदा लावला. वासंतीबाईंनी ते पाहिले. त्या मुकाट्याने दारात जाऊन जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"नीट हुंगा हो," त्या खाली ओरडल्या. "मलाही येतोय."

"नमस्कार. मी सुमेधा," अर्धा चेहरा काळोखात ठेवून ती म्हणाली. "तुम्ही सोय विचारलीत, म्हणून विचारते. मी गणित शिकवते. लग्नानंतर मला ते सोडायचं नाही. तिथे शिकवता येईल का? येणार नसेल तर तसं कळवा, राग नाही." ती थोडी थांबली. "आणि माझ्या वडिलांना तुमच्या डाव्या बाजूची फार काळजी वाटते. जमलं तर तेही कळवा."

नंदकिशोर वर आले तेव्हा जयसिंग वायर गुंडाळत होता.

"मीटर ठीक आहे," ते म्हणाले. "पण खालच्यांचा मला भरवसा नाही."

तीन आठवड्यांनी मस्कतचे पाकीट आले. जाड होते. नाव सुमेधाचे होते, म्हणून नंदकिशोरांनी ते फोडले नाही. खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरले. आत काहीतरी छापील होते, रकाने आखलेले.

"वैद्यकीय दाखला," ते समाधानाने म्हणाले. "सांगत होतो की नाही?"

सुमेधाने पाकीट हातातून काढून घेतले. छापील कागद तिथल्या एका शाळेचा, शिक्षकांच्या जागेसाठीचा अर्ज होता. सोबत चार पाने पत्र होते. ते तिने उभ्यानेच वाचले, मग टेबलाशी बसून पेनाचे टोपण काढले आणि अर्जात नाव लिहायला घेतले. वासंतीबाई आत साखरेचा डबा शोधू लागल्या.

"आणि डावी बाजू?" नंदकिशोर म्हणाले.

मान वर न करता तिने पत्राचे शेवटचे पान पुढे सरकवले. त्यांनी ते पुन्हा खिडकीपाशी नेले.

'वडिलांना माझा नमस्कार सांगावा. खोलीत प्लग एकच आहे, तो उजव्या भिंतीत. दिव्याची वायर आखूड आहे.'