ठेवणीतल्या कोटाची कैफियत

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो, पण झिजून जुना झालेला नाही. मी नुसताच जुना झालो, आणि याच गोष्टीचा मला संताप येतो.

माझा जन्म १९४३ सालचा, लीड्सच्या एका शिवणकारखान्यातला. युद्ध चालू होतं. कापड वाया जाऊ नये म्हणून सरकारने कात्रीलाही नियम घालून दिले होते. खिसे तीनच आणि बाह्यांना शोभेची बटणं नाहीत. आतल्या बाजूला सरकारी शिक्का होता, दोन अर्धवट कापलेल्या चीजच्या चकत्यांसारखा. लोक त्याला हसत. पण माझं तपकिरी लोकरीचं कापड पक्कं होतं आणि शिवण सरळ होती. मी कामाचा कोट होतो.

हॅलिफॅक्सच्या अर्नेस्ट सगडनने मला विकत घेतलं. तो रंगाऱ्यांच्या कारखान्यात कामाला होता. माझ्यासाठी त्याची कपड्यांच्या रेशनची तेरा कुपनं गेली. घरी आल्यावर त्याने मला अंगात घातलं, आणि मला वाटलं, आपलं आयुष्य मार्गी लागलं.

"काढ तो," त्याची बायको नेली म्हणाली. "ठेवणीतला आहे तो."

"अगं, पण घालायचा कधी?"

"चांगला दिवस आला की."

मी कपाटात गेलो. सोबतीला डांबराच्या गोळ्या होत्या. अर्नेस्ट कोपरं फाटलेला जुना कोट घालून कामावर जात राहिला. नेली त्या कोपरांना ठिगळं लावी, मग ठिगळांनाही ठिगळं लावी. त्या फाटक्या कोटाचा मला किती हेवा वाटायचा म्हणून सांगू!

युद्ध संपलं. गल्लीत टेबलं मांडून जेवण झालं. तो चांगला दिवस नव्हता का? नव्हता म्हणे. लहान मुलांचे जेलीचे हात लागतील!

रविवारी नेली प्रार्थनेला गेली की अर्नेस्ट हळूच कपाट उघडायचा. मला घालून आरशासमोर उभा राहायचा, हॅट उचलून कुणाला तरी अदबीने नमस्कार करायचा, आणि ती यायच्या आत मला परत टांगायचा. माझा संसार तेवढाच.

१९४७च्या उन्हाळ्यात दोघं स्कारबरोला समुद्रावर जाणार होती. आदल्या दिवशी अर्नेस्टने माझ्या खिशात दोन पुदिन्याच्या गोळ्या ठेवल्या. तेव्हा गोळ्याही रेशनवर मिळत.

"समुद्राकाठी तुझा हात धरून फिरायचंय मला, या कोटात," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खाऱ्या वाऱ्याने कापडाची वाट लागेल. चल, जुना घाल."

त्याने जुना घातला. गोळ्या माझ्याच खिशात राहिल्या.

दोन वर्षांनी कुपनं बंद झाली. "आता तरी घालू का?" त्याने विचारलं.

"कुपनं गेली म्हणून कापड झाडाला लागतं काय?" नेली म्हणाली. यावर तो नुसता हसला. मला मात्र दाराला धडका द्याव्याशा वाटल्या. पण कोटाला हात असतात कुठे? नुसत्या बाह्या.

१९५१च्या फेब्रुवारीत अर्नेस्ट गेला. त्याला शेवटचा कोणता पोशाख घालायचा, असं विचारायला अंत्यविधीचा माणूस आला, तेव्हा नेलीने मला बाहेर काढलं आणि ब्रशने साफ केलं. बराच वेळ ती मला मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "इतका चांगला कोट मातीत कसा घालू?" आणि मी पुन्हा कपाटात! मित्रांनो, त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात फार वाईट बोललो.

वसंतात शेजारची मिसेस क्लेग चर्चच्या विक्रीसाठी कपडे मागायला आली. "हा देऊन टाक नेली. नवाकोरा आहे अगदी."

"नवाच आहे," नेली म्हणाली, आणि रिकामा करायला तिने माझ्या खिशात हात घातला.

पुदिन्याच्या त्या दोन गोळ्या कागदाला चिकटून बसल्या होत्या. नेलीने एक सोडवून तोंडात टाकली. गोळीला डांबराचा वास येत असणार, पण नेलीने ती थुंकली नाही. "मूर्ख बाई," ती म्हणाली. मिसेस क्लेगला वाटलं आपल्यालाच म्हणाली, आणि ती फणकाऱ्याने निघून गेली.

त्यानंतर नेलीने मला स्वतःच्या अंगात घातलं. बाह्या लांब होत्या, त्या तिने दुमडल्या, आणि मला घालूनच ती अंगणात कोळसे आणायला गेली.

आता मी रोज कोळशाने काळा होतो, पावसात भिजतो. मित्रांनो, आमची निगा राखा, ब्रश फिरवा, उसवलं तर टाके घाला. पण आधी आम्हाला अंगात घाला. काल माझ्या डाव्या कोपराला पहिलं भोक पडलं. नेली त्याला ठिगळ लावत बसली आहे. ते भोक अर्नेस्टच्या कोपराने पडायला हवं होतं.