मुक्ताच्या नावाला आलेली मागणी

त्या सकाळीही कामिनी सगळ्यांच्या आधी उठली. अंगण झाडून तिने सडा टाकला, टाकी भरायला मोटार सुरू केली आणि गॅसच्या एका शेगडीवर सासऱ्यांचा चहा, दुसरीवर दूध ठेवलं. कळण्याचं पीठ मळण्याआधी मीठ पाण्यात विरघळवून घेतलं, म्हणजे ज्वारी-उडदाची ती भाकरी घासागणिक सारखी लागते. बाहेर रावेरच्या रस्त्यावरून मजुरांना घेऊन ट्रॅक्टर केळीच्या बागांकडे निघाले होते. तोतारामआबा ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. देवघरातून सासूबाईंची, सुनंदाबाईंची, घंटी ऐकू आली. तिचा नवरा पियुष मात्र अजून खोलीतच होता. एरवी या वेळेपर्यंत तो घड कापायच्या जागी पोहोचलेला असे.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा फोन त्याच्या हातात होता आणि पडदा त्याने छातीकडे वळवून धरला होता.

"कामिनी, एक मागणी आली आहे. नावाला."

"कोणत्या?"

त्याने फोन आणखी छातीशी धरला. तिने तव्यावरची भाकरी उलटली. तिला उत्तर मिळालं होतं.

पियुष केळीचा व्यापारी होता. बाग पाहून माल ठरवायचा, खोक्यांत भरून उत्तरेकडे रवाना करायचा, आणि ट्रक वाटेत अडकला की रात्रभर तळमळायचं. कमावलेला सगळा पैसा नासणाऱ्या मालात अडकतो, ही त्याची जुनी खंत होती. म्हणून जळगावच्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी त्याला ब्लॉकचेनवरची नावं दाखवली तेव्हा तो हरखून गेला. संकेतस्थळाच्या साध्या नावाला दरवर्षी भाडं भरावं लागतं. हे नाव एकदाच घ्यायचं. ते कुणा एका कंपनीच्या दप्तरात नसतं, जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी नोंदलेलं असतं. ज्याच्याकडे त्याची किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, त्याचं नाव. सोनं घ्यावं, प्लॉट घ्यावा, तशी त्याने नावं घेतली : केळीचं, तापीचं, सातपुड्याचं, कपाशीचं. "केळं चार दिवसांत काळं पडतं," तो म्हणे, "नाव नासत नाही."

आबांना त्याची गंमत वाटे. "आमच्या बापानं वावर घेतलं, म्या इंजिन घेतलं, न् हा नावं घ्यून राह्यला! लग्नात बायकोचं नाव घ्याले सांगतलं, तं घाम फुटला व्हता याले."

कामिनीला दिवस गेले तेव्हा दोघं मुक्ताईनगरला दर्शनाला गेली होती. परतताना गाडीत तीच म्हणाली होती, मुलगी झाली तर मुक्ता. त्याच संध्याकाळी पियुषने यादीत पाहिलं. इतकं लहान, इतकं सोपं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. बारशापर्यंत थांबलो तर दुसरा कुणी उचलेल, ही भीती अस्सल व्यापाऱ्याची होती. पाहिलेल्या बागेला त्याच दिवशी बोली लावली नाही तर उद्या तिथे दुसऱ्याचा ट्रॅक्टर उभा दिसतो, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. ज्या घरात बाळ जन्मण्याआधी झबलंसुद्धा शिवत नाहीत, त्या घरात त्याने बाळाचं नाव विकत घेतलं. वर कौतुकाने ते कामिनीच्याच फोनमध्ये ठेवलं. किल्ली तिच्या अंगठ्याच्या ठशाला बांधली. "पोरीचं नाव आईजवळ," म्हणाला.

आठव्या महिन्यात, श्रावणात, पोटातली हालचाल थांबली. गळ्याभोवती नाळ होती. यात कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर नाव नव्हतं, 'कामिनी पियुष यांचे बाळ, स्त्री' एवढंच होतं. कामिनी शुद्धीवर येईपर्यंत पियुष आणि आबा बाळाला पुरून आले होते. पुढे कामिनीला दूध आलं, तेव्हा ते आटण्याच्या गोळ्या सुनंदाबाईंनीच तिच्या हातावर ठेवल्या, आणि त्याच वेळी, एकदाच, त्या बोलून गेल्या :

"नाव आधी कायले घेतलं, माय? मले इचारलं असतं एखांद्यानं."

नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. कामिनीच्या कानांतून मात्र ते वाक्य गेलं नाही, कारण नाव तिला सुचलं होतं.

"कोण मागतंय?" तिने आता विचारलं.

"मोत्यांचा व्यापारी आहे कुणीतरी. परदेशातला. नावाचा अर्थ मोती होतो ना, म्हणून त्याच्या दुकानाला पाहिजे." पियुष दाराची चौकट धरून उभा होता. "भाव चांगला आहे. माझ्या बाकीच्या सगळ्या नावांना मिळून कुणी एवढं विचारलं नाही. आजच्या दिवसात कळवायचं आहे."

"आणि तू काय म्हणालास?"

"तुझ्या अंगठ्याशिवाय मी काय म्हणणार?"

"म्हणजे अंगठ्यासाठी आलास."

तो खाली बसला, स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ टेकून, लहान मुलासारखा. "मला पैसे नकोत गं. खरंच नकोत. पण रोज सकाळी मी भाव पाहायला यादी उघडतो. वर केळी, मग तापी, मग ती. पुढे भाव लिहिलेला असतो. आज वर, उद्या खाली. मला ते बघवत नाही. कुणीतरी घेऊन जाऊ दे तिला."

कामिनीने गॅस बारीक केला. इतक्या दिवसांत तिने त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. तो आता तिने विचारला.

"पुरताना नाव घेतलं होतंस तिचं?"

पियुषने मान हलवली. नाही. म्हणाला, "आबांनी विचारलं होतं, काय म्हनू रे इले? मी म्हणालो, काही नका म्हणू. मला वाटलं, ज्या नावानं घात केला..." त्याने तळहात फरशीवर टेकवला. "माती मी लोटली, कामिनी. एक शब्द न बोलता."

तिने पिठाचे हात तसेच त्याच्या डोक्यावर ठेवले. त्याच्या केसांना पीठ लागलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली, तेव्हा तिने हात लांब करून गॅस बंद केला, पण दोघंही जागची हलली नाहीत.

तो बागेवर गेल्यावर तिने धुळ्याला आईला, कमलबाईंना, फोन लावला. मुलीचं नाव सासरच्यांखेरीज फक्त कमलबाईंना माहीत होतं. कामिनीने सगळं सांगितलं.

"तिले नाव शे ना, पोरी?" कमलबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "मंग ती व्हती. लोक काहीबी म्हनोत."

फोन ठेवल्यावर कामिनी खाटेवर बसून राहिली. विकलं तर उद्या कुणीही ते नाव लिहील आणि समोर मोत्यांच्या माळा येतील, किमतींसह. ठेवलं तर ते पियुषच्या यादीत तापीखाली राहील, आणि आज याने विचारलं तसा उद्या दुसरा कुणी भाव विचारील. आपल्या हातात आहे तोवर ते मालच राहणार. तिला नाव हवं होतं, पण मालकी नको होती.

अगदी सुरुवातीला, नव्या नवलाईत, पियुषने तिला एक गोष्ट समजावली होती. या व्यवहारात एक पत्ता असा आहे, ज्याची किल्ली जगात कुणाकडेच नाही. लोकांना माहीत आहे, पण उघडता कुणालाच येत नाही. तिथे पाठवलेलं विकता येत नाही, परत मागता येत नाही. नोंद मात्र राहते. "चुकूनही तिथे काही पाठवू नको हं," तो हसून म्हणाला होता.

दुपारी तो जेवायला आला. बागेतल्या चिकाचे काळे डाग त्याच्या बाह्यांवर होते. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"मी विकणार नाही," ती म्हणाली. "आणि ठेवणारही नाही. तू सांगितला होतास तो पत्ता मला दे."

पियुषचा घास हातातच राहिला. "परत येणार नाही ते. कधीच."

"माहीत आहे."

"आपलंही राहणार नाही."

"नाही राहणार. पण दुसऱ्या कुणाचंही होणार नाही."

तो ताट सरकवून उठला, हात धुतले, पंच्याला नीट पुसले आणि स्वतःच्या फोनवरून तो पत्ता तिला पाठवला. परदेशातल्या माणसाला दोन ओळींत नकार कळवला. सुनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काय चाललंय ते त्यांना नीट कळलं नसावं, पण दोघांचे चेहरे पाहून त्यांनी काही विचारलं नाही. आत येऊन कामिनीच्या मागे बसल्या.

कामिनीने पत्ता भरला. पडद्यावर तेच पाच इंग्रजी अक्षरांचं नाव होतं, आणि खाली सूचना होती की हा व्यवहार मागे घेता येणार नाही. तिने फोन तोंडाजवळ नेला.

"मुक्ता," ती हळूच म्हणाली.

पियुष पुढे वाकला. "मुक्ता," तोही म्हणाला. त्याच्या तोंडून ते नाव श्रावणानंतर पहिल्यांदाच निघालं.

सुनंदाबाईंचा हात कामिनीच्या पाठीवर आला, बारशाला कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीवर येतो तसा, आणि तिथेच थांबला.

कामिनीने पदराला अंगठा पुसला, कारण त्याला दुपारच्या भाकरीचं पीठ लागलेलं होतं, आणि पडद्यावर टेकवला.