मणिमकुटनाचं बारसं

पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, हा वेंकोबारावांच्या घरचा रिवाज. तंजावर सुटलं, जमीन गेली, मद्रासला तिरुवल्लिक्केणीच्या गल्लीत भाड्याचं बिऱ्हाड मांडलं, पण रिवाज काही सुटला नाही. आता नातू झाला होता. आपण गेलो तरी घरात 'वेंकोबा' अशी हाक ऐकू येत राहील, या विचारानं म्हातारा सुखावला होता. मरणाची त्याला फारशी भीती नव्हती, विसरलं जाण्याची मात्र फार होती.

बारशाला ताटात तांदूळ पसरले आणि मुलगा सेतुमाधव अंगठीनं नाव लिहू लागला. अक्षरं लांबत चालली तसे वेंकोबाराव चष्मा सावरत पुढे वाकले. तांदळात लिहिलं होतं, मणिमकुटन.

हा कुणी देव नव्हे की ऋषी नव्हे. एका तमिळ साप्ताहिकात चाललेल्या मायावी गोष्टीतला राजपुत्र. समुद्राखालच्या नगरीत राहायचा, पंखवाल्या मगरीवर बसून उडायचा, आणि दर शुक्रवारी अशा संकटात सापडायचा की सेतुमाधवासारख्या पदवीधर कारकुनांना पुढच्या शुक्रवारपर्यंत अन्न गोड लागत नसे.

“सेतू, हें कसलं नांव?”

“अप्पा, असं नाव साऱ्या मद्रासेत कुणाचं नाही.”

“दूधवाल्याच्या खोंडाचं आहे की! त्याला निदान शाळेत तरी जायचं नाही.”

पण नाव पोराच्या कानात सांगून झालं होतं. सून अंबुजा पाळण्यापाशी 'मणिमकुटा, मणिमकुटा' करू लागली, आणि खुद्द वेंकोबारावांची बायको विशालाक्षी तिला साथ देऊ लागली. पोर त्या नावाला खुदकन हसायचं. वेंकोबारावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी नातवाला कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

असेच महिने गेले आणि एका शुक्रवारी देव पावला. त्या अंकात मणिमकुटनानं भर दरबारात आपला खरा रंग दाखवला. गादीसाठी त्यानं मंत्र टाकून जन्मदात्या बापाचा दगड केला होता. तो दगड सिंहासनाची पायरी म्हणून बसवला होता, आणि रोज त्यावर पाय देऊन तो वर चढत होता.

ज्या साप्ताहिकाला वेंकोबाराव आजवर चिंधी म्हणत आले, ते त्यांनी त्या संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवलं. सेतुमाधव कचेरीतून आल्यावर पुन्हा वाचलं. सेतुमाधवाचं जेवण तिथंच राहिलं. कचेरीत तर त्याचं हसंच झालं. जो तो विचारी, “काय सर, अजून माणसातच आहात ना, की झालात दगड?”

आठवडाभरात मुलगा ताळ्यावर आला. “अप्पा, तुमचंच नाव ठेवू या.”

पुन्हा ताट, पुन्हा तांदूळ. विशालाक्षीनं भीत भीत विचारलं, “जोडीला हाक मारायला एखादं दुसरं नांव ठेवूं या कां? सगळे ठेवतात.”

“काय म्हणून? माझ्या नांवाला काय किडे पडलेत? एकच नांव राहील, वेंकोबा!”

सासूनं सुनेकडे पाहिलं. दोघींनी पाळण्याला झोका दिला.

पुढे पोर चालू लागलं. एका संध्याकाळी ते उघड्या दारातून सटकलं आणि थेट दूधवाल्याच्या खोंडाकडे निघालं. अंबुजा दारात धावली. “मणिमकुटा! अरे मणिमकुटा!”

पोरानंही वळून पाहिलं, खोंडानंही.

वेंकोबाराव दारापुढच्या पायरीवर बसले होते. ते कडाडले, “त्याचं नांव वेंकोबा आहे. नांवानं हाक मार!”

अंबुजानं जीभ चावली आणि मान खाली घातली. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून कसं काढावं?

“मग तूं मार,” ते बायकोला म्हणाले.

“अय्यो! जन्मभर कधी नवऱ्याचं नांव घेतलं नाहीं, आतां रस्त्याकडे तोंड करून ओरडूं?”

“सेतू!”

“अप्पा, बापाच्या नावाला 'अरे' कसं लावू? जीभ झडेल माझी. तुम्हीच लावलेलं वळण आहे हे.”

करायला गेले गणपती, झाला मारुती. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. ज्या हाकेसाठी एवढा आटापिटा केला, ती मारू शकणारा घरात एकच माणूस होता. त्यानं ती मारली. “वेंकोबा! अरे वेंकोबा, घरी ये!”

पोरानं ढुंकूनही पाहिलं नाही. समोरच्या घरातले रामस्वामी मात्र थबकले. “काय राव, स्वतःलाच बोलावताय?”

पोर खोंडाच्या शिंगापर्यंत पोचलं होतं. वेंकोबारावांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि हळूच हाक मारली, “मणिमकुटा...”

पोर खिदळत धावत आलं, आणि पायरीवर बसलेल्या आजोबाच्या मांडीवर पाय देऊन घरात गेलं.